शर्यतीचा पैसा आणि डोळ्यांतील भिंग

गेल्या हिवाळ्यात क्रीडासप्ताहाच्या आदल्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्याचे काम चालले होते आणि आम्ही नववीच्या मुलांसह चिंचेच्या सावलीत बसलो होतो. बोलता बोलता लंडनच्या मॅरेथॉन शर्यतीचा विषय निघाला. त्या शर्यतीत धावणारे पुष्कळ लोक बक्षिसासाठी धावत नाहीत. एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी पैसा जमविण्याकरिता धावतात, आणि त्यांतले काही तर आशियातील व आफ्रिकेतील गरिबांच्या डोळ्यांवर उपचार व्हावेत म्हणून धावतात, असे आम्ही ओघात सांगून गेलो. तोच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, धावायचे लंडनला आणि डोळे उघडायचे नेपाळात, हे कसे काय?"

मुले हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पाय एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि डोळा तिसऱ्याचा, ही साखळी जुळते तरी कशी? त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे काही वाचून व काही जाणकारांना विचारून जे समजले, ते आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे येथे ठेवीत आहोत.

लंडनची ही शर्यत तशी फार जुनी नव्हे. पहिली शर्यत 29 मार्च 1981 रोजी भर पावसात झाली. ती सुरू करणाऱ्यांत ख्रिस ब्रॅशर हे प्रमुख होते. 1956 सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या लांब शर्यतीत सुवर्णपदक मिळविणारे, आणि त्याआधी 1954 साली रॉजर बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याचा विक्रम केला तेव्हा आरंभी पुढे धावून त्यांना वेग राखून देणारे, तेच हे ब्रॅशर. त्या पहिल्या शर्यतीत अमेरिकेचे डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचे इंगे सिमोन्सन हे दोघे सर्वांच्या पुढे होते. शेवटच्या रेषेशी आल्यावर एकमेकांना मागे टाकण्याऐवजी त्यांनी हातात हात घातला आणि दोघांनी मिळून रेषा ओलांडली. आमच्या क्रीडाशिक्षकांना हा प्रकार नियमबाह्य वाटतो; आम्हांला मात्र तो फार आवडला.

मॅरेथॉनचे अंतर 42 किलोमीटर 195 मीटर. इतके धावायचे म्हणजे साध्या माणसाला काही महिन्यांची तयारी लागते. आता पैसा कसा जमतो ते पाहा. धावू इच्छिणारा मनुष्य आपले नातेवाईक, शेजारी आणि कचेरीतील सोबती यांच्याकडे जातो आणि म्हणतो, "मी अमुक दिवशी 26 मैल धावणार आहे. त्याप्रीत्यर्थ अमुक संस्थेला आपण काही द्याल का?" पूर्वी यासाठी एक छापील कागद असे, त्यावर देणाऱ्याचे नाव आणि मैलामागे किती पेन्स देणार तो आकडा लिहीत. आता हे सारे दूरध्वनीच्या पडद्यावर होते. शिवाय धावू इच्छिणाऱ्यांची संख्या उपलब्ध जागांहून कितीतरी अधिक असते, त्यामुळे तेथे जागेलाच मोल आले आहे. धर्मादाय संस्था शुल्क भरून काही जागा राखून घेतात आणि "एवढी रक्कम जमवीन" असा शब्द देणाऱ्याला त्या देतात. अशा रीतीने 1981 पासून त्या एका शर्यतीच्या निमित्ताने जमलेला पैसा 2019 साली 100 कोटी पौंडांच्या पलीकडे गेला. अर्थात तो सर्व प्रकारच्या कार्यांसाठी होता. रुग्णालये, कर्करोगाचे संशोधन, अनाथ मुले, वृद्ध, अशा असंख्य वाटा त्याला फुटतात. परदेशातील गरिबांच्या डोळ्यांसाठी निघालेली वाट त्यांपैकी एक, आणि ती काही सर्वांत रुंद नव्हे.

येथे आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "पण मग सरळ पैसेच का देत नाहीत? धावायचे कशाला?" शंका रास्त आहे. शर्यतीच्या जागेचे शुल्क, धावणाऱ्यांचे सदरे, व्यवस्थेचा खर्च हे वजा जाऊनच उरलेली रक्कम कार्याला लागते. सरळ दिलेल्या रुपयाला एवढी गळती नसते. तरीही माणसाचा स्वभाव असा की, मागणारा स्वतः काही कष्ट सोसतो आहे असे दिसले म्हणजे देणाऱ्याचा हात सैल होतो. पंढरीला पायी निघालेल्या वारकऱ्याला वाटेतील गावकरी आग्रहाने भाकरी वाढतात. मोटारीतून जाणाऱ्याला कोणी हात करून थांबवीत नाही. आणि दुसरे असे की, धावणारा एकटा असला तरी त्याच्याकडून ती हकीकत पन्नास जणांच्या कानांवर जाते. मोतीबिंदूने आंधळा झालेला मनुष्य पुन्हा पाहू शकतो, ही गोष्ट त्या पन्नासांतल्या कित्येकांनी त्याच दिवशी प्रथम ऐकलेली असते.

लंडनच्या शर्यतीत आपले धावक उतरविणाऱ्या संस्थांपैकी साइटसेव्हर्स ही एक. तिची जन्मकथा शाळकरी मुलांनी अवश्य ऐकावी. इंग्लंडात स्कार्बरो येथील एका शाळेत 1931 साली रसायनशास्त्राच्या तासाला बारा वर्षांचा एक मुलगा प्रयोग करीत होता. बाटलीवर चिठ्ठी एका पदार्थाची आणि आत पदार्थ भलताच. तो तापविताच स्फोट झाला आणि मुलाचे दोन्ही डोळे गेले. या मुलाचे नाव जॉन विल्सन. त्याने अंधांच्या शाळेत पुढचे शिक्षण घेतले आणि तेथून तो ऑक्सफर्डला गेला. महायुद्ध संपल्यावर आफ्रिका व मध्यपूर्व या भागांत फिरताना त्यांच्या ध्यानात आले की, तेथे अंध झालेल्यांपैकी बहुतेकांचे अंधत्व टाळता येण्याजोगे होते. 1950 साली त्यांनी ही संस्था काढली. पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि 1999 साली ते वारले. स्वतःची दृष्टी परत येणे शक्य नसताना, ज्यांची येऊ शकते त्यांच्यासाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले. प्रयोगशाळेतील बाटल्यांच्या चिठ्ठ्यांविषयी आमचे विज्ञानशिक्षक इतके काटेकोर का असतात, हेही मुलांना यावरून कळावे.

धावणे हा एकच प्रकार आहे असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्याने चार-चार जणांचे गट दिवसभर चालत, कोणी 30 तर कोणी 60 किलोमीटर. 2009 साली सुरू झालेल्या या पदयात्रेचा पैसा कित्येक वर्षे फ्रेड हॉलोज यांच्या नावाच्या नेत्रसेवा-संस्थेकडे जात असे. हाँगकाँगमध्ये ऑर्बिस या संस्थेसाठी लोक रात्रभर चालतात आणि पहाटे मुक्कामाला पोहोचतात. अंधारात वाट काढणे म्हणजे काय, याची थोडीशी चव त्यांना मिळावी हा त्यातील हेतू. या ऑर्बिसचे रुग्णालय खऱ्याखुऱ्या विमानात आहे. 1982 पासून ते देशोदेशी उतरते आणि तेथील नेत्रवैद्यांना शिकविते. त्यामुळे त्या संस्थेच्या मदतीसाठी रस्सीखेचीचाही एक प्रकार निघाला आहे: समोर दुसरा संघ नाही, दोराच्या टोकाला विमानच! स्टँडर्ड चार्टर्ड या बँकेने 2003 साली नेत्रसेवेसाठी निधी उभारण्याचे ठरविले आणि नैरोबीच्या मॅरेथॉनचे उत्पन्न केनियातील मुलांच्या डोळ्यांकडे वळविले. मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, तेव्हा तिची पुरस्कर्तीही हीच बँक होती.

येथवर पैशाची कथा झाली. आता डोळ्याकडे वळू. कारण खरे रहस्य तेथे आहे.

2020 सालच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 4 कोटी 30 लक्ष लोक अंध होते, आणि त्यांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे एकच एक कारण म्हणजे मोतीबिंदू. डोळ्याच्या बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्याच्या घाटाचे, पण त्याहून मोठे असे एक पारदर्शक भिंग असते. ते वयोमानाने, क्वचित जन्मतः अथवा इजेमुळे, धुरकट होत जाते. घराच्या खिडकीची काच हळूहळू दुधाळ व्हावी, तसा हा प्रकार. घर शाबूत, आतली माणसे शाबूत. उजेड मात्र आत येत नाही. यावर कोणतेही थेंब अथवा चूर्ण लागू पडत नाही. ते भिंग काढणे हाच उपाय.

भिंग काढण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. आमच्या भागातील वृद्धांच्या तोंडी आजही ज्यांचे नाव निघते ते डॉक्टर मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी हे पूर्वीच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीचे. गावोगाव नेत्रशिबिरे भरवून ते एकेका दिवसात शेकड्यांनी मोतीबिंदू काढीत. 1956 साली त्यांना पद्मश्री आणि 1968 साली पद्मभूषण मिळाले. त्या काळी धुरकट भिंग काढले की डोळ्यात त्या जागी काहीच राहत नसे. उणीव भरून काढण्यासाठी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा मिळे. आपल्यापैकी अनेकांनी तो आजोबांच्या नाकावर अथवा जुन्या छायाचित्रात पाहिला असेल. त्यातून सरळ समोरचे दिसे, पण वस्तू आहेत त्याहून मोठ्या भासत, कडेचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. आणि चष्मा फुटला अथवा हरवला, की मनुष्य पुन्हा जवळजवळ आंधळा! खेड्यातल्या गरिबाला दुसरा चष्मा कोठून मिळणार?

तेव्हा डोळ्यातच नवे भिंग बसविता आले तर? हे प्रथम करून दाखविले ते लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील हॅरल्ड रिडली यांनी, 29 नोव्हेंबर 1949 रोजी. त्यामागची हकीकत मोठी मनोवेधक आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांपुढील पारदर्शक आवरण गोळ्यांनी फुटे आणि त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. साधी काच शिरली असती तर डोळा लाल होऊन सुजला असता. परंतु या पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे कण वर्षानुवर्षे आत राहूनही डोळा ते निमूटपणे सोशीत असे. हे रिडली यांनी पाहून ठेवले होते. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, "काढलेल्या भिंगाच्या जागी आपण दुसरे का बसवीत नाही?" या साध्या प्रश्नाने त्यांच्या मनातील विचाराला चालना मिळाली आणि त्याच प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी घडवून घेतले. समव्यावसायिकांनी त्यांना अनेक वर्षे वेड्यात काढले. जुन्या मोठ्या नेत्रतज्ज्ञांचा विरोध तर इतका कडवा होता की, ही पद्धत सर्वमान्य होण्यास तीन दशके लागली. उतारवयात स्वतः रिडली यांच्या डोळ्यांतही असेच भिंग बसविले गेले आणि 2000 साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

भिंग आले, पण ते श्रीमंतांसाठी आले. 1980 नंतरच्या दशकात एका भिंगाला शंभर डॉलरहून अधिक किंमत पडे. गरीब देशांतील रोग्याला तोच जाड चष्मा पुरे आहे, असे मोठमोठे तज्ज्ञही मानीत. ही समजूत ज्यांना सहन झाली नाही, अशांत दोघांची जोडी विशेष गाजली.

पहिले सांडुक रुइट. 1954 साली ईशान्य नेपाळातील ओलांगचुंग गोला या हिमालयाच्या कुशीतल्या गावी त्यांचा जन्म झाला. तेथून सर्वांत जवळची शाळा पंधरा दिवसांच्या पायी वाटेवर, दार्जिलिंगला! सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना तेथे पाठविले. (उशिरा येणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) बहीण क्षयाने गेली; त्या दुःखातून वैद्य होण्याचा निश्चय झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लखनौ व दिल्ली येथे घेतले. दुसरे फ्रेड हॉलोज. 1929 साली न्यूझीलंडमधील डनीडिन येथे जन्मलेले, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले, गिर्यारोहणाचे वेड असलेले, तापट आणि रोखठोक नेत्रतज्ज्ञ. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या वस्त्या फिरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 ते 1978 या काळात एक लक्षाहून अधिक लोकांचे डोळे तपासले होते. 1985 साली हे दोघे नेपाळात भेटले. पुढे रुइट सिडनीला जाऊन त्यांच्या हाताखाली शिकले आणि परत आले. दोघांचा आग्रह एकच: गरिबाला श्रीमंताच्या तोडीचीच शस्त्रक्रिया मिळाली पाहिजे आणि भिंग त्याच्याच देशात तयार झाले पाहिजे.

हॉलोज यांना कर्करोग झाला होता. 1992 साली त्यांच्या नावाची संस्था त्यांच्या राहत्या घरी स्थापन झाली आणि 10 फेब्रुवारी 1993 रोजी ते गेले. काठमांडूतील तिलगंगा नेत्रकेंद्र 1994 साली उघडले आणि तेथे भिंगांचा कारखाना निघाला. त्याच वर्षी आफ्रिकेत एरिट्रिया देशाच्या अस्मारा या राजधानीत दुसरा. दोन्ही पाहण्यास हॉलोज राहिले नाहीत. या कारखान्यांचे भांडवल शर्यतींचे नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील सामान्य लोकांनी हॉलोज यांच्या हाकेला ओ देऊन पैसा दिला. परंतु या कारखान्यांमुळे शंभर डॉलरच्या भिंगाची किंमत दहा डॉलरच्या खाली आली. आपल्याकडेही हे घडले. डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 साली निवृत्तीनंतर मदुराई येथे अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने 1992 साली ऑरोलॅब हा स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला आणि तेथील स्वस्त भिंगे देशोदेशी जाऊ लागली.

आमच्या मते मागच्या रांगेतील प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. पंचवीस डॉलरमध्ये एका माणसाची दृष्टी परत येऊ शकते, असे हॉलोज यांची संस्था काही देशांच्या बाबतीत सांगत आली आहे. हे शक्य झाले ते धावणाऱ्यामुळे नव्हे. त्याच्या आधी भिंग स्वस्त करणाऱ्यांमुळे. भिंग महाग असते, तर सिडनीच्या किनाऱ्यावर तेवढेच पाय तेवढेच अंतर चालले असते आणि डोळे फार थोडे उघडले असते.

स्वस्त म्हणजे हलके, अशी शंका कोणाला येईल. रुइट यांनी बसविलेली पद्धत अशी की, डोळ्याला एक लहानसा, आपोआप मिटणारा छेद द्यायचा, त्यातून धुरकट भिंग काढायचे आणि नवे आत सरकवायचे. टाका घालावा लागत नाही आणि सराव झालेल्या हाताला काही मिनिटेच लागतात. पाश्चात्त्य देशांत हेच काम ध्वनिलहरींच्या महागड्या यंत्राने करतात. 2007 साली या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली. नेपाळातील पुल्लहारी मठातील नेत्रचिकित्सालयात 108 रुग्ण निवडले. निम्म्यांवर एका पद्धतीने, निम्म्यांवर दुसऱ्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली. संख्या जपमाळेच्या मण्यांएवढीच का निघाली कोण जाणे! सहा महिन्यांनी दोन्ही गटांची दृष्टी जवळजवळ सारखीच चांगली होती. रुइट यांची पद्धत मात्र अधिक जलद आणि कमी खर्चाची ठरली.

उरलेले अर्धे उत्तर आम्हांला अधिक अवघड वाटते. भिंग आहे, वैद्य आहे, शर्यतीचा पैसाही आला. पण रुग्ण आला पाहिजे. शस्त्रक्रिया फुकट असली तरी गाडीभाडे फुकट नसते. सोबत येणाऱ्या मुलाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. म्हातारपणी दिसायचे नाहीच, अशी समजूत करून घेऊन कित्येक जण कोपऱ्यात बसून राहतात. आणि घरात आजोबा व आजी दोघांनाही दिसेनासे झाले, तर रुग्णालयात आधी आजोबांना नेतात. अनेक देशांत स्त्रियांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया पुरुषांच्या मानाने कमी होतात, हे पाहणीतून दिसून आले आहे. म्हणून शहाण्या संस्था आलेला पैसा केवळ शस्त्रक्रियागृहात ओतीत नाहीत. गावात फिरून डोळे तपासणारी माणसे तयार करणे, रुग्णांना नेण्या-आणण्याची गाडी, परिचारिकांचे शिक्षण, नंतरची तपासणी, या कामांवर त्या खर्च करतात. वर्गणी देणाऱ्याला "इतके डोळे उघडले" हा आकडा ऐकण्याची हौस असते; गाडीच्या चाकांचा हिशेब त्याला रुक्ष वाटतो. आकड्याच्या मागे लागून घाईघाईने भरविलेल्या शिबिरांत जंतुसंसर्ग होऊन माणसांनी होते ते डोळेही गमावल्याची उदाहरणे आपल्या देशात घडलेली आहेत. ती आम्ही येथे उगाळीत नाही, पण ती विसरूही नयेत.

नैरोबीच्या शर्यतीचा पैसा मुलांकडे वळला, हे वर आलेच आहे. मुलांचा मोतीबिंदू म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूपेक्षा निराळा. पाहणे हे डोळ्याचे काम जितके, तितकेच मेंदूचे. आणि मेंदू ते शिकतो बालपणाच्या आरंभीच्या वर्षांत. त्या वर्षांत प्रकाश आतच गेला नाही, तर पुढे भिंग कितीही स्वच्छ बसविले तरी मेंदूला चित्र वाचता येत नाही. म्हणून ती शस्त्रक्रिया लवकर व्हावी लागते, मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि त्यासाठी निराळा तज्ज्ञ लागतो. खर्च कितीतरी वाढतो. शिवाय डोळा वाढत राहतो, म्हणून चष्म्याचा अंक बदलतो. चांगला डोळा काही वेळ झाकून दुबळ्याला काम द्यावे लागते, आणि हे घरच्यांनी वर्षानुवर्षे करावयाचे असते. शर्यतीच्या अहवालात अशा मुलाची नोंद एक शस्त्रक्रिया म्हणून एकदाच होते. रुग्णालयाच्या वहीत त्याचे नाव दर काही महिन्यांनी पुन्हा यावे लागते. ते येईनासे झाले, की कोणाला तरी त्याच्या गावी जाऊन चौकशी करावी लागते.